वाचक विचारतात : स्वतःच्याच अंगावर केलेले प्रयोग

प्रश्न : वडिलांची मिरजेत अँजिओग्राफी झाली. तिथे कानावर आलं, की हृदयात पहिली नळी एका डॉक्टरने स्वतःच्याच घातली होती. खरं का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : खरं आहे, फक्त नळीची वाट वेगळी होती. अँजिओग्राफीत ती मनगटाच्या किंवा जांघेच्या रोहिणीतून, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीतून जाते. जर्मनीत एबर्सवाल्डच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान या डॉक्टरने १९२९ साली ती नीलेतून, म्हणजे हृदयाकडे रक्त आणणाऱ्या वाहिनीतून घातली. वरिष्ठांनी नकार दिला होता. निर्जंतुक साहित्य होतं गेर्डा डिट्झेन या परिचारिकेच्या ताब्यात, आणि प्रयोग माझ्यावर करा म्हणून ती तयार झाली. त्याने तिला टेबलाला बांधलं आणि भुलीचं इंजेक्शन घेतलं स्वतःच्या डाव्या कोपराच्या खोबणीत! कातडीला छेद देऊन नीला उघडली आणि मूत्रवाहिनीसाठी वापरतात ती बारीक नळी आत सरकवली. मग नळी तशीच दंडात ठेवून जिना उतरून तो क्ष-किरण खोलीत गेला, आरशात पडदा बघत ती ६५ सेंटिमीटरपर्यंत ढकलली. टोक उजव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यात पोहोचलं. ते पुढे जवनिकेच्या, म्हणजे खालच्या कप्प्याच्या भिंतीला टोचलं असतं, तर ठोक्यांची लय बिघडली असती. नळीतून बरीच हवा शिरली असती, तर ती फुफ्फुसाकडच्या वाहिनीत अडकून जीव गेला असता. १९५६ चं नोबेल त्याला कूरनाँ आणि रिचर्ड्स यांच्यासोबत मिळालं.

प्रश्न : बॅरी मार्शलने जंतू पिऊन स्वतःला अल्सर करून घेतला, असं आमच्या सरांनी सांगितलं. पण पेटनकोफरने तर कॉलऱ्याचे जंतू पिऊनही त्याला विशेष काही झालं नाही. मग अशा प्रयोगावर विश्वास किती ठेवायचा?
– फार्मसीची विद्यार्थिनी, कराड

उत्तर : आधी सरांची दुरुस्ती. मार्शलला अल्सर झाला नाही, जठराचा दाह झाला. १९८४ साली ऑस्ट्रेलियात त्याने पहिल्यांदा दुर्बिणीने जठर तपासून घेतलं. ते निरोगी निघालं. ज्या रुग्णाचा जंतू घेतला, त्यावर औषध चालतं हेही बघून ठेवलं होतं. मग आम्ल कमी करणारी गोळी घेऊन जंतूंचं द्रावण प्यायला. काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला दुर्गंधी. दहाव्या दिवशी जठरातून काढलेल्या तुकड्यात दाह दिसला आणि जंतूही सापडले. चौदाव्या दिवशी दाह बराचसा ओसरलेला होता. प्रयोगाचं खरं वजन त्या आधीच्या तपासणीत आहे. ती नसती, तर दाह जुनाच होता असं कुणीही म्हणालं असतं.

पेटनकोफर या जर्मन आरोग्यशास्त्रज्ञाने १८९२ साली म्युनिकमध्ये कॉलऱ्याच्या जंतूंचं १ घन सेंटिमीटर द्रावण घेतलं. जठरातल्या आम्लाने जंतू मरू नयेत म्हणून त्यात खायचा सोडाही घातला. म्हणजे तयारी चोख होती. त्याला हलके जुलाब झाले, आणि त्यावरून नुसत्या जंतूने कॉलरा होत नाही असा निष्कर्ष त्याने काढला. इथेच तो घसरला. त्याचा शिष्य एमरिश याने तोच प्रयोग केला, तेव्हा त्याला पेटनकोफरहून जोराचे जुलाब झाले. कुणाला किती बाधेल हे जंतूंच्या संख्येवर, त्यांच्या जोमावर आणि माणसाच्या प्रतिकारशक्तीवर ठरतं. एकाच शरीरात रोग दिसला, तर 'असं होऊ शकतं' एवढं नक्की कळतं. दिसला नाही, तर फारसं काहीच कळत नाही.

प्रश्न : प्लेगची लसही अशीच आधी स्वतःला टोचली होती ना?
– एक वाचक, वाई

उत्तर : हो, ती लस तयार करणाऱ्या हाफकिन यांनी, १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत, तब्बल १० घन सेंटिमीटर. ताप आणि वेदना झाल्या. पण लशीत मारलेले जंतू होते, त्यामुळे हे धाडस जिवंत जंतू पिणाऱ्या मार्शल आणि पेटनकोफर यांच्या जातीचं नव्हे.

प्रश्न : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मला स्वतःवर प्रयोग करायचा आहे. काय करू?
– इयत्ता नववी, सातारा

उत्तर : पोटात काही घ्यायचं नाही, श्वास कोंडायचा नाही. नाडी मोजा. पहाटे अंथरुणातून उठण्याआधी, अंगठ्याच्या बाजूच्या मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट, सलग तीन दिवस. अंगठ्याने मोजू नका, त्याचीच नाडी लागते. मग जिना चढून थांबल्याबरोबर १५ सेकंद मोजा आणि ४ ने गुणा. तिथे मिनिटभर मोजत बसलात तर आकडा कमी येतो, कारण थांबताच नाडी उतरायला लागते. नंतर दर मिनिटाला पुन्हा १५ सेकंद मोजा, सकाळच्या आकड्याच्या जवळपास येईपर्यंत. घड्याळ मित्राच्या हातात द्या आणि हेच त्याच्यावरही करा.