एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो, मग काउंटीकडे पैसे का नाहीत?

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात सांता क्लारा काउंटीत राहतो, दरवर्षी भरमसाठ प्रॉपर्टी टॅक्स भरतो आणि तरी काउंटी म्हणते बजेटमध्ये खड्डा आहे, रिकाम्या पोस्ट रद्द करणार. हे कसं काय?

उत्तर: अहो, तो सगळा टॅक्स काउंटीला मिळतच नाही, ती फक्त गोळा करते, त्यातला मोठा वाटा शाळांना जातो आणि उरलेल्यात शहरंही वाटेकरी. त्यात १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यामुळे, मूळ दर १ टक्क्यावर बांधलेला, घराची करासाठीची किंमत मालक बदलेपर्यंत वर्षाला फार तर २ टक्के वाढते, पण नर्सेसचे पगार काय २ टक्क्यांवर थांबतात होय? शिवाय ही काउंटी स्वतः हॉस्पिटलं चालवते, तिथे मेडिकेडचा, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, पैसा लागतो आणि २०२५ मध्ये वॉशिंग्टनने त्यालाच कात्री लावली, म्हणून तर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेझर ए हा प्रस्ताव मतदानाला आणून सेल्स टॅक्स पाच वर्षांसाठी वाढवला. रिकामी पोस्ट कापली की कुणाची नोकरी जात नाही, कागदावर बचत दिसते, पण फोनवर ताटकळायचं आपणच ना! बजेट जूनमध्ये पास होतं, त्याआधी सुपरवायझर्ससमोर, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळासमोर, सुनावणी असते, तिथे जाऊन बोला की.