पीआरवर कमेंट आली की पोटात गोळा येतो

‘मॅडम, कोडवर कमेंट्स आल्या की वाटतं, मला काही येतच नाही.’ समुपदेशनासाठी येणाऱ्या आयटीतल्या तरुण मुलामुलींकडून हे मी सतत ऐकते. घरचे, मित्र, कधीकधी टीम लीडसुद्धा त्यांना एकच सल्ला देतात: मनावर घेऊ नकोस. मला हा सल्ला अपुरा वाटतो. मनाला नक्की काय लागतंय ते कळल्याशिवाय मनावर न घेणं कुणालाच जमत नाही.

अशाच एका मुलीबद्दल तिच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मराठवाड्यात इंजिनिअरिंग करून ती हिंजवडीत नोकरीला लागली होती आणि हाताशी तीन वर्षांचा अनुभव होता. कामाची पद्धत सगळीकडे असते तीच. कोड लिहून झाला की तो तपासून घ्यायची विनंती, म्हणजे पुल रिक्वेस्ट किंवा पीआर टाकायचा, सीनियरने तो वाचून कमेंट्स करायच्या आणि त्याने अप्रूव्ह केलं की कोड मर्ज करायचा, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळायचा. तिचा सीनियर कामात पक्का, पण लिहिणं तुटक. फोनवर नोटिफिकेशन वाजलं की हिला घाम फुटायचा. रविवारी संध्याकाळपासूनच जेवण जायचं नाही.

कंपनीचा कोड बाहेर दाखवता येत नाही, म्हणून मी तिला फक्त कमेंट्स वहीत उतरवून आणायला सांगितलं. आम्ही त्या एकेक करून मोठ्याने वाचल्या. एक होती, ‘व्हाय सॉर्टिंग हिअर?’, म्हणजे यादी इथे क्रमाने का लावली आहेस? त्याखाली तिचं उत्तर, ‘डन.’

‘डन म्हणजे काय केलंस?’

‘सॉर्टिंग काढून टाकलं.’

‘ते नको होतं का तिथे?’

ती गप्प झाली. सॉर्टिंग हवंच होतं. ते काढल्यावर ग्राहकांना व्यवहारांची यादी उलटसुलट दिसायला लागली आणि त्याचं तिकीट, म्हणजे दुरुस्तीसाठी नोंदवलेली तक्रार, फिरून हिच्याच नावावर आलं. सीनियरने नुसतं विचारलं होतं, हिने त्यात हुकूम ऐकला. वहीतली पुढची पानं पाहिली तर जवळजवळ प्रत्येक कमेंटखाली ‘डन’. तीन वर्षांत तिने एकदाही ‘हे मी असं का केलं’ असं लिहिलं नव्हतं.

दुसरी गोष्ट हळूहळू बाहेर आली. कमेंट्स येऊ नयेत म्हणून ती कोड अडवून ठेवायची. सगळं निर्दोष झालं की मगच टाकू, असं करत आठवडा जायचा आणि मग हजारेक ओळींचा पीआर सीनियरसमोर पडायचा, तोही संध्याकाळी सातला, त्याची निघायची वेळ झालेली असताना. एवढा कोड धड वाचून होत नाही. मग कमेंट्स आणखी तुटक आणि संख्येनेही जास्त. ते पाहून तिची भीती वाढायची आणि पुढचा पीआर आणखी उशिरा यायचा. भीतीचं हे चक्र मला ओळखीचं आहे. ज्याला घाबरतो ते टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि भीती मात्र टाळण्यावरच पोसली जाते.

पण सगळा दोष तिच्या मनावर ढकलणं अन्यायाचं झालं असतं. तिसऱ्या भेटीत ती सहज म्हणाली, ‘अप्रेजलला मॅनेजर म्हणाले, तुझ्या पीआरवर कमेंट्स फार असतात.’ हे ऐकून माझे कान टवकारले. प्रत्येक कमेंट पगारवाढीच्या हिशोबात धरली जाणार असेल, तर पोटात गोळा येणारच. कोड एकत्र बसून तपासण्याची शिस्तबद्ध पद्धत आयबीएममधल्या मायकल फेगन यांनी १९७६ मध्ये मांडली, तेव्हाच त्यांनी बजावलं होतं की सापडलेल्या चुका प्रोग्रामरच्या मूल्यमापनासाठी वापरू नयेत. तसं केलं तर माणसं चुका दाखवण्याऐवजी लपवायला लागतात. हे मी तिला सांगितलं, कारण तिची भीती वेडगळ नव्हती, हे तिला कळायला हवं होतं.

मग आम्ही सराव केला. मी सीनियर झाले, ती उत्तरं लिहायची. पहिली काही उत्तरं ‘सॉरी’ने सुरू झाली, ती खोडायला लावली. ‘एपीआयकडून क्रम नक्की मिळत नाही, म्हणून इथे सॉर्ट केलंय. दुसरी जागा सुचते का?’ या एका ओळीपर्यंत यायला तिला बराच वेळ लागला. (एपीआय म्हणजे जिथून तिच्या कोडला माहिती मिळते तो दुवा.) लहान पीआर टाकायचे, काय तपासलं आणि कुठे खात्री नाही ते वर लिहायचं, आणि एकाच मुद्द्यावर दोनदा उत्तरं देऊनही सुटलं नाही तर थेट फोन करायचा, असं ठरलं.

सीनियरशी ती चहाला गेली आणि बोलली. त्याला धक्का बसला. ‘मी खरंच विचारत होतो गं, तू उत्तरच द्यायची नाहीस,’ असं तो म्हणाला. वहीतल्या ‘डिड यू इव्हन रन धिस?’ (हे एकदा तरी चालवून पाहिलंस का?) या कमेंटवर मात्र त्याने ‘घाईत लिहिलं असेल’ एवढंच म्हटलं. माफी आली नाही, पण तशी कमेंट पुन्हा आली नाही. मॅनेजरने कमेंट्स मोजणं थांबवलं की नाही, हे अजून स्पष्ट नाही. तिची झोप मात्र सुधारली आहे.

रिव्ह्यू करणाऱ्यांना, म्हणजे कोड तपासणाऱ्यांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे. प्रश्न विचारताना त्याचं कारण लिहा. ‘तू हे का केलंस’ याऐवजी ‘यादी मोठी झाली तर हे लूप मंदावेल असं वाटतं’ असं लिहायला चार शब्द जास्त लागतात. किरकोळ सूचनेआधी ‘निट’ (बारीकसारीक गोष्ट) असं लिहायची पद्धत आहे, ती पाळा. हुशार माणूस फटकळ असायचाच, असं मानणाऱ्यांना मी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स यांची आठवण देते. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी लिनक्सच्या सहकाऱ्यांची आपल्या बोलण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही काळ काम बाजूला ठेवलं आणि लोकांच्या भावना समजून घ्यायला मदत घेईन असं सांगितलं.

आणि कमेंट्स खरोखरच अपमानाच्या असतील, कोड सोडून अक्कल, भाषा किंवा गाव काढलं जात असेल, तर तो रिव्ह्यू नव्हे. त्या जपून ठेवा, मॅनेजरकडे किंवा एचआरकडे लेखी द्या, टीम बदलून मागा. झोप, जेवण, कामावर जाणंच बिघडलं असेल तर समुपदेशकाला भेटा. तेही लगेच जमत नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.