नागपूरला समुद्र नाही, मग खाडीचं मॉडेल शिकून उपयोग काय?

प्रश्न असा आहे: नागपूरच्या पर्यावरण इंजिनीअरने खाडीतल्या पोषकद्रव्य-प्रदूषणाचं (नत्र म्हणजे नायट्रोजन आणि स्फुरद म्हणजे फॉस्फरस जास्त झाल्याने शेवाळ माजणं) मॉडेलिंग शिकावं का, आणि कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

समुद्र नाही, पण नाग नदी आहे ना! नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. मग गोसीखुर्द, प्राणहिता, गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. खाडीतला बराच नत्र असाच वरून येतो.

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी भार, म्हणजे पाण्याबरोबर किती किलो नत्र किंवा स्फुरद वाहतो, हे काढता आलं पाहिजे. मिग्रॅ प्रति लिटर गुणिले एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) म्हणजे थेट किलो प्रतिदिन. समजा एसटीपीतून (सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून) १०० एमएलडी पाणी सुटतं आणि त्यात एकूण नत्र ३० मिग्रॅ आहे, तर दिवसाला ३००० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या साधारण १४५ गोण्या, रोज!

नदीचा भार काढताना लोक हमखास चुकतात. सरासरी प्रवाह घेतात, सरासरी सांद्रता घेतात आणि गुणून मोकळे होतात. दोन दिवस धरा: कोरड्या दिवशी ५० घनमीटर प्रति सेकंद आणि नत्र १ मिग्रॅ, पुराच्या दिवशी २००० आणि ४ मिग्रॅ. खरा सरासरी भार सेकंदाला ४०२५ ग्रॅम, सरासऱ्यांच्या गुणाकाराने येतो २५६२. सांडपाण्याचा नत्र पुरात पातळ होत असेल, तर चूक उलट्या दिशेने होते. म्हणून दर महिन्याच्या ठरल्या तारखेला भरलेल्या बाटल्यांवर मॉडेल उभं करू नये. सोयाबीन-कपाशीला खत पडल्यानंतरचे पहिले दोन-तीन पूर चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा पकडायचे.

बाटली साबणाने धुवू नका. कित्येक डिटर्जंटांत फॉस्फेट असतं, तेच नमुन्यात मोजलं जातं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने, मग डिस्टिल्ड पाण्याने धुवा. विरघळलेल्या फॉस्फेटचा नमुना जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, बर्फात ठेवा आणि ४८ तासांत तपासा. अमोनियाची बाटली वेगळी, तिच्यात सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली.

आता तो जुना वाद: “स्फुरद आवरला की शेवाळ संपलं.” फुटाळ्यासारख्या गोड्या तलावाला हे बहुतेक वेळा लागू पडतं. खाडीत शेवाळाला टंचाई बहुधा नत्राची असते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात १९८८ साली फॉस्फेटवाल्या डिटर्जंटवर बंदी आली. तिथल्या न्यूस नदीच्या गोड्या पट्ट्यातलं शेवाळ कमी झालं, पण ते जो नत्र खात होतं तो तसाच खाली खाडीत गेला. पुढे १९९७ मध्ये नत्र ३० टक्के घटवण्याचं ठरलं. नायट्रेट उतरलं, तर सेंद्रिय नत्र चढला! एकूण नत्राचा एकच आकडा पाहणाऱ्याला यातलं काहीच कळलं नसतं. म्हणून नायट्रेट, अमोनिया, सेंद्रिय नत्र आणि स्फुरद वेगवेगळे मोजा. नत्र आणि स्फुरद दोन्ही आवरावे लागतात, हे माझं ठाम मत.

उपाय ठरवताना बदलतं नियोजन लागतं, म्हणजे मोजमापं पाहून योजना सुधारत जायची; पण त्याचा अर्थ ‘बघू पुढे’ असा नाही. शेवाळ कुजून तळाशी ऑक्सिजन २ मिग्रॅच्या खाली किती दिवस राहिला तर कोणता उपाय, कोणाच्या पैशाने, हे आधीच कागदावर हवं. दर ५ वर्षांनी नव्या मोजमापांवर मॉडेल पुन्हा बसवायचं, आणि ज्या वर्षांवर बसवलं त्याच वर्षांवर तपासायचं नाही. शिवाय भार प्रवाहाच्या हिशेबाने दुरुस्त करून पाहा. कोरडं वर्ष आलं की भार आपोआप घटतो आणि सगळे पाठ थोपटून घेतात.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी: गोसीखुर्दसारख्या जलाशयात स्फुरद गाळाबरोबर खाली बसतो, काही नत्र जिवाणू वायू करून उडवतात. तेव्हा नागचा भार जसाच्या तसा गोदावरीच्या मुखाशी पोहोचतो असं धरू नका. वाटेत किती भार कमी होतो तो घट-गुणांक मोजूनच मॉडेलमध्ये घाला.

राहिलं सॉफ्टवेअर. पाणलोटातून नदीत किती भार येतो हे काढायला स्वॅट, ते फुकट आहे. उन्हाळ्यातल्या संथ नदीला क्वाल-टू-के पुरतं, पुराला नाही. खाडीत खारं पाणी खाली आणि गोडं वर असे थर असतात, तिथे एकमितीय मॉडेल तळाचा ऑक्सिजन दाखवतच नाही. डेल्फ्ट-थ्रीडीसारखं त्रिमितीय लागतं.