मोटरसायकलला घरच्या घरी अलार्म

प्रश्न : लालबागला चाळीत राहतो, मोटरसायकल रात्रभर रस्त्यावरच. घरी अलार्म बनवता येईल का?

उत्तर : नक्की येईल, आणि जरूर बनवा. लॅमिंग्टन रोडवर १२ व्होल्टचा रिले (करंट मिळाला की आपोआप चालू होणारा स्विच), छोटा सायरन, वॉटरप्रूफ मायक्रोस्विच (हलक्या दाबाने चालणारा छोटा स्विच), १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), सगळं मिळतं. बॅटरीच्या प्लसवरून आधी ५ अँपिअरचा फ्यूज, मग सीटखाली लपवलेला स्विच, तिथून वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. रिलेच्या ८७ नंबरच्या पिनवरून सायरन. सायरनची दुसरी वायर आणि ८५ ची पिन बॅटरीच्या मायनसला. मायक्रोस्विच ३० आणि ८६ च्या मध्ये जोडून साइड स्टँडपाशी असा बसवा, की स्टँड उचलताच चालू होईल. कंपनीचा स्टँड-सेन्सर असेल तर त्याला अजिबात हात लावू नका.

खरी करामत डायोडची. तो ८७ ते ८६ जोडायचा, त्यावर पट्टी असलेलं टोक ८६ कडे. रिले एकदा चालू झाला की डायोडमधून त्याला करंट मिळत राहतो. चोराने घाबरून स्टँड परत खाली केला तरी सायरन थांबत नाही, लपवलेला स्विचच बंद करावा लागतो. शिवाय गाडी नुसती उभी असताना बॅटरी अजिबात खर्च होत नाही, म्हणून मला ही जोडणी आवडते.

स्टँडसकट उचलून टेम्पोत टाकली तर मात्र अलार्म वाजणार नाही. त्यासाठी चाकातून साखळी घालून खांबाला कुलूप लावाच.