७/११ चे आरोपी सुटले ते कायदा मऊ होता म्हणून नव्हे

तुमचे म्हणणे असे की मुंबईच्या लोकल बॉम्बस्फोटातले सगळे आरोपी हायकोर्टातून सुटले, आरोपींच्या हक्कांचे लाड केले की हेच व्हायचे, तेव्हा दहशतवादाच्या खटल्यांसाठी कायदा, जामिनासकट, आणखी कडक करा. राग मला कळतो. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले, १८० हून जास्त माणसे गेली. मीही त्याच लाइनने कोर्टातून घरी जायचो. पण तीसेक वर्षे फौजदारी वकिली केल्यावर सांगतो, तुम्ही उदाहरण उलटे निवडलेत.

तो खटला साध्या कायद्याखाली चाललाच नव्हता. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा खास कडक कायदा, लावला होता. पोलिसासमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम इंग्रजांच्या काळापासून आहे, १८७२ च्या पुरावा कायद्यातही होता. इंग्रजांना आपल्या आरोपींचा काही पुळका नव्हता, ठाण्यात कबुली कशी निघते हे त्यांना पक्के माहीत होते, एवढेच. मोक्काचे कलम १८ हा नियम बाजूला सारते. पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली चालते. आता तपास अधिकाऱ्याच्या जागी उभे राहून बघा. कबुली हातात आली की बाकीच्या पुराव्याची भूकच मरते.

२०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने सगळे रद्द केले. कबुलीजबाबांतले मजकूर एकमेकांशी जुळत होते, नक्कल केल्यासारखे. छळाच्या तक्रारीही कोर्टाला दुर्लक्ष करण्याजोग्या वाटल्या नाहीत. टॅक्सीवाले शंभराहून जास्त दिवसांनी चेहरे ओळखायला पुढे आले, ओळख परेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता, आणि बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते हेही सिद्ध झाले नाही. सुप्रीम कोर्टाने तीनच दिवसांत सांगितले की हा निकाल इतर मोक्का खटल्यांत दाखला म्हणून वापरू नका, पण सुटलेल्यांना परत आत जावे लागणार नाही. तोवर १९ वर्षे गेली होती. एकजण तुरुंगातच वारला.

आता २६/११ चा कसाब घ्या. त्याचा खटला पोलिसाने घेतलेल्या कबुलीवर उभा नव्हता. सीएसटीवरचे फोटो होते, प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार होते, आणि कबुली मॅजिस्ट्रेटसमोर, विचार करायला वेळ देऊन नोंदवलेली होती. त्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला (तेव्हा किती आरडाओरडा झाला होता!). दीड वर्षाच्या आत निकाल, मग हायकोर्ट, मग सुप्रीम कोर्ट, तिन्हीकडे शिक्षा टिकली. त्याच खटल्यात हल्लेखोरांना नकाशा पुरवल्याचा आरोप असलेले दोन भारतीय तिन्ही ठिकाणी सुटले. मेलेल्या अतिरेक्याची पँट रक्ताने भिजलेली, आणि तिच्या खिशातून काढलेल्या नकाशावर डाग नाही. कोर्टाने ते पाहिले. कसाबची फाशी टिकली ती असे बारकाईने पाहणाऱ्या कोर्टाकडून आली होती, म्हणूनच.

जामिनाबद्दल तुमच्याशी अर्धा सहमत आहे. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली आरोपपत्र दाखल करायला १८० दिवसांपर्यंत मिळतात, याला माझी हरकत नाही. परदेशातले पैसे आणि फोनचे रेकॉर्ड नेहमीच्या नव्वद दिवसांत हाती लागत नाहीत. खरी गोम त्याच कायद्याच्या कलम ४३ड(५) मध्ये आहे. पोलिसांच्या कागदांवरून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला की जामीन नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या वटाली निकालानंतर त्या कागदांची फार चिकित्साही करता येत नाही. म्हणजे ज्याची उलटतपासणी झालेली नाही त्या पुराव्यावर माणूस वर्षानुवर्षे आत. २०२१ च्या नजीब प्रकरणात आरोपी पाच वर्षांहून जास्त काळ आत होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते. सुप्रीम कोर्टाने जामीन कायम ठेवला. खटला वाजवी वेळात संपणार नसेल तर ४३ड(५) असले तरी घटनेने दिलेल्या हक्काच्या आधारे जामीन देता येतो, असे ठरले. तरी खालच्या कोर्टात जामिनाचा अर्ज केला की आधी वटालीच पुढे येतो.

कडकच व्हायचे असेल तर एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) कायद्याचे कलम १९ काढून वाचा. खटला रोजच्या रोज चालवा आणि त्याच आरोपीवरच्या इतर कोर्टांतल्या खटल्यांच्या आधी घ्या, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. प्रत्यक्षात तारीख पडते, कारण साक्षीदाराला समन्स पोचलेले नसते किंवा आरोपीला जेलमधून आणायला त्या दिवशी एस्कॉर्ट मिळालेला नसतो.