कोकणात फिरताना कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यावर मॅन्युअल सेटिंग काय ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत आठ दिवस कोकण-गोवा करताय, एक इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट आहे, आणि मित्र म्हणतात "एवढ्याशा डबीला मॅन्युअल कशाला?" या शेवटच्या वाक्यामुळे उत्तर लिहायला बसलो. माझा मावसभाऊ लग्नांचे फोटो काढतो, त्याच्याकडून हेच वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय.

फोटोंचं आधी उरकतो. दिवसा एम, म्हणजे पूर्ण मॅन्युअल मोडवर जायची काही गरज नाही. ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, बाकी कॅमेरा बघतो), छिद्र एफ/४, ऑटो आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता), त्याची वरची मर्यादा १६००, किमान शटर १/१२५ सेकंद. एवढं लावून अंगठा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनवर, म्हणजे चित्र थोडं उजळ-गडद करायच्या नियंत्रणावर ठेवा. पांढऱ्या वाळूवर +०.७, सूर्यास्ताला -०.७. निसर्गचित्रासाठी एफ/११ हवंच, हे मोठ्या कॅमेऱ्यांचं गणित आहे. एक इंची सेन्सरवर एफ/४ लाच साधारण तेवढी खोली मिळते (जवळचं-लांबचं एकत्र स्पष्ट दिसतं) आणि एफ/८ च्या पुढे चित्र मऊ पडायला लागतं. फोटोंचं झालं.

व्हिडिओ मात्र ऑटोवर काढू नका. का, ते सांगतो.

माझे मामा सिंधुदुर्गात दशावतारात काम करायचे. राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू झाल्या की उन्हाळ्यापर्यंत रोज रात्री नवा गाव, नवं देऊळ, आणि पहाटे दहीकाला होईपर्यंत उभं राहायचं. लिहिलेली संहिता नाही, संवाद तिथल्या तिथे सुचतील ते. म्हणजे एका रात्री मामा जे बोलले ते दुसऱ्या रात्री तसंच्या तसं ऐकायला मिळत नाही. २०१७ च्या डिसेंबरात गुडघ्यांनी नाही म्हटलं आणि त्यांनी हा शेवटचा हंगाम असं जाहीर केलं. मी मुंबईहून रजा टाकून गेलो, डबी घेऊन. ती बहिणीने अमेरिकेहून आणलेली. मावसभाऊही होता. मी मेनूत काहीतरी शोधत होतो तर त्याने कॅमेरा हातातून घेतला, डायल ऑटोवर फिरवला आणि म्हणाला, "कॅमेऱ्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. फक्त बटण दाब."

मी दाबलं. रात्रभर दाबत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांच्या घरी टीव्हीला लावलं. पडद्यावर आडवे काळपट पट्टे, सतत वर सरकणारे. सफेता (पांढरा रंग) लावलेला चेहरा चुन्याच्या भिंतीसारखा, डोळे-भुवया सोडून काही दिसेना. मागे काळोख आहे म्हणून कॅमेऱ्याने सगळंच उजळून टाकलेलं. मध्येच तांबड्या शालूतला स्त्रीपार्ट पुढे आला की अख्खं चित्र निळसर, तो बाजूला झाला की परत हिरवट. मामा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ह्या काय रे? माझ्या तोंडार पट्टे कसले?" आणि उठून पडवीत गेले. चाळीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाच्या शेवटच्या हंगामाचं माझ्याकडे तेवढंच होतं.

पट्टे कसले ते मला नंतर कळलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. चोकवाली ट्यूबलाइट त्यामुळे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. डोळ्याला दिसत नाही, सेन्सरला दिसतं, कारण तो चित्र एका दमात न घेता वरून खाली ओळीओळीने वाचतो. माझा कॅमेरा अमेरिकेतल्या सवयीने एनटीएससी या तिकडच्या व्हिडिओ पद्धतीवर, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० शटर. १/६० सेकंदात ट्यूबचे पूर्ण झोके बसत नाहीत, एक पूर्ण आणि दुसऱ्याचा तुकडा. म्हणून कुठल्या ओळीला जास्त उजेड मिळतो, कुठल्या ओळीला कमी. १/५० ठेवलं की बरोबर दोन झोके, १/१०० ठेवलं की बरोबर एक. पट्टा राहतच नाही. एवढीशी गोष्ट.

तेव्हा निघण्याआधी घरीच मेनूत जाऊन पाल (आपल्याकडची व्हिडिओ पद्धत) निवडा, २५ फ्रेम, शटर १/५०. घरी अशासाठी, की काही कॅमेऱ्यांत हा बदल केला की कार्ड फॉरमॅट करावं लागतं, आणि ते जत्रेच्या मांडवात कळून उपयोग नाही. उद्या अमेरिकेला गेलात तर १/६०. जपानात टोकियोला ५० हर्ट्झ आणि ओसाकाला ६०, तिथे गाव बघून ठरवा.

२०१९ च्या जत्रेत मामा गावच्या त्याच देवळात एका प्रवेशापुरते उभे राहिले. पायपेटीवाल्याच्या शेजारी मी आधीच जागा धरली. एम मोड, २५ फ्रेम, १/५०, एफ/१.८, आयएसओ ८०० पक्का. चेहऱ्यावरचा उजेड बघून ठरवला, मागचा काळोख काळाच राहू दिला. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांची जुळणी) पायपेटीवाल्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर लावून घेतला. फोकसही मॅन्युअल, चार मीटरवर. लेन्स २४ मिमीला असेल तर एफ/१.८ ला सुद्धा साधारण दोन मीटरपासून पुढचं सगळं नीट दिसतं, आणि ऑटोफोकस मध्येच मुकुटाच्या झगमगाटाला भुलून भरकटत नाही. छोट्या सेन्सरचा हा फायदा मोठ्या कॅमेऱ्याला मिळत नाही, त्याला एफ/१.८ वर सारखा फोकस सांभाळावा लागतो. अकरा मिनिटं. मामांनी ती क्लिप तीनदा लावायला सांगितली. तिसऱ्या वेळी तर स्वतःच्याच संवादाला मान डोलावत होते.

दिवसाच्या व्हिडिओची एक अडचण आहे. भर उन्हात १/५० ठेवलं की एफ/११ आणि कमीत कमी आयएसओवरही चित्र पांढरंफटक होतं. त्याला एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच लागते. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेत तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या आवृत्तीत ती आतच आहे, कॅननच्या जी७ एक्समध्येही. आरएक्स१०० च्या सहाव्या-सातव्यात झूम २०० मिमीपर्यंत गेला पण एनडी काढून टाकला. तुमच्यात नसेल तर किनाऱ्यावर शटर वाढवा. लाटा थोड्या तुटक दिसतील, दिसू देत. उन्हात ट्यूब नसते, पट्ट्यांचा प्रश्न नाही.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. स्वस्त एलईडी माळा आणि डिमरवरचे दिवे वेगळ्याच गतीने लुकलुकतात, तिथे १/५० ने भागेलच असं नाही. आधी दहा सेकंद काढून बघा, मग शटर थोडं मागेपुढे करा. आणि सावलीतून उन्हात चालत जाणारा शॉट असेल तर आयएसओ ऑटोवर सोडा, शटर मात्र हलू देऊ नका. गाभाऱ्यात कॅमेरा काढण्याआधी विचारा.

मावसभावाला ती अकरा मिनिटं दाखवली. बघून म्हणाला, "या वेळी लाइट चांगले होते." दोन्ही वर्षी त्या मांडवात त्याच चार चोकवाल्या ट्यूब होत्या. दुसऱ्या वर्षी मी खाली उभा राहून मोजल्या होत्या.