ओमेगा-३ दिलं तर मुलाचं लक्ष लागेल का?

"मॅडम, गोळ्या सुरू केल्यापासून हा घरी जरा शांत असतो. शाळेतल्या बाई मात्र म्हणतात, काडीचा फरक नाही. खरं कोणाचं?" चौथीतल्या एका मुलाच्या आईचा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पालकांच्या ग्रुपवर वाचून त्यांनी माशाच्या तेलाच्या गोळ्या आणल्या होत्या. या तेलात ओमेगा-३ नावाची स्निग्धाम्लं असतात.

दोघींचंही खरं असू शकतं. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या शाळांत ७ ते ९ वर्षांच्या ३६२ मुलांवर झालेल्या अभ्यासात, २०१२ साली, नेमकं हेच दिसलं. १६ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम डीएचए (ओमेगा-३चाच एक प्रकार) दिल्यावर पालकांना वागण्यात सुधारणा वाटली, शिक्षकांना जवळपास नाही. कोणाला खरी गोळी मिळतेय आणि कोणाला नुसती तशी दिसणारी, हे पालकांना माहीत नव्हतं, त्यामुळे 'मनाचे खेळ' म्हणून ते झटकता येत नाही. वाचनात सर्वांत मागे असलेली मुलं थोडी पुढे गेली, याचा बराच गाजावाजा झाला. २०१८ मध्ये त्याच चमूने तशाच ३७६ मुलांवर प्रयोग पुन्हा केला, तेव्हा फायदा दिसला नाही. जाहिरातीत हे दुसरं वाक्य कधीच येत नाही.

मी त्या चौथीतल्या मुलाशी बोलले. गोष्ट सांगताना तो अर्धा तास जागचा हलला नाही. पुस्तक पुढे ठेवलं, की तहान लागायची, पेन्सिलीचं टोक मोडायचं. 'मदत' हा शब्द त्याने 'दमत' वाचला. चंचलपणा वाचनापाशीच उफाळत होता. बालरोगतज्ज्ञांकडून डोळे, कान आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगितलं, मग अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या अडचणीची) चाचणी. अडचणीचं निदान त्या चाचणीत झालं.

आहाराचं म्हणाल, तर मासे खाणाऱ्या घरात आठवड्यातून एक-दोनदा बांगडा किंवा तारली असावी, शक्यतो कालवणात. हे घर शाकाहारी. जवसाची चटणी, अक्रोड जरूर द्या, पण त्यातल्या ओमेगा-३चं शरीरात डीएचए फारच थोडं बनतं. हवंच असेल तर शेवाळापासून काढलेलं डीएचए मिळतं. (गोळ्या माशाच्या तेलाच्या आहेत, हे आजींना कळल्यावर जे झालं ते वेगळंच!)

आता विशेष शिक्षिका आठवड्यातून दोनदा वाचन घेतात. बाटली संपल्यावर नवी आणली नाही. चुळबुळ अजून आहे, विशेषतः गणितातली शाब्दिक उदाहरणं आली की.